बोटभर तार

१

जयपाल मगदूम रिटायर झाल्यापासून त्यांच्या घरातली सकाळ अगदी ठरून गेली होती. साडेसहाला पद्मावती अभिषेकासाठी मंदिरात निघायची. दारातून "मी येतो, दुधाकडं बघा" म्हणायची. कोल्हापूरच्या बायका 'येते' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. जयपाल "बघतो" म्हणायचे आणि दूध हमखास उतू जायचं. कारण तेवढ्यात ते मागच्या खोलीत, सोल्डरिंगच्या धुरात जाऊन बसलेले असायचे.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं मेंटेनन्स करून हात सरावलेले, आता त्या हातांना काहीतरी हवं होतं. रुईकर कॉलनीतल्या त्यांच्या घराच्या पोर्चमध्ये वडिलांची जुनी फियाट उभी होती. एकेचाळीस वर्षांपूर्वी याच गाडीतून त्यांनी पद्मावतीला नवरी म्हणून घरी आणलं होतं आणि त्या दिवशी डॅशबोर्डखाली पत्र्याचा एक राखाडी डबा सनई वाजवत होता. स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत, गाडीच्या बॅटरीवर चालणारे. लक्ष्मीपुरीतले इकबाल शिकलगार उस्ताद असले डबे हाताने बनवायचे. "माझ्यापरास त्या डब्याकडंच तुमचं ध्यान हुतं," असं पद्मावती अजून ऐकवायची.

एक गोष्ट मात्र तिने एकेचाळीस वर्षांत कधी केली नव्हती. लग्नातला उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव तिने तोंडातून काढलं नव्हतं. बँकेत साहेबाने विचारलं तर ती गुपचूप पासबुक पुढं करायची. "अवो" हेच जयपालांचं घरातलं नाव होतं.

फियाटमधला तो डबा वडिलांनी कधीच भंगारात दिला होता. तसाच नवा, स्क्रूपासून रंगापर्यंत तसाच करायचा, असं जयपालांच्या डोक्यात बसलं. त्यासाठी नमुना हवा होता. उस्ताद जाऊन वीस वर्षं झाली होती, पण मुलगा मुनव्वर त्याच जागी मोबाईल दुरुस्त करायचा आणि वर आईसोबत राहायचा. आई म्हणजे हाफिजाभाभी. ऐंशीच्या घरातली बाई. अख्खी पेठ तिला मुकी भाभी म्हणायची. जयपाल पोरसवदा वयात उस्तादांच्या दुकानात रेंगाळायचे तेव्हापासून तिच्या हातचा चहा प्यायले होते, शब्द मात्र एकही ऐकला नव्हता.

मुनव्वरने माळ्यावरून डबा काढून आणला. उस्तादांनी बनवलेला शेवटचा, कधी कुणाला न विकलेला. डबा जिन्यावरून खाली येताना पाहिल्याबरोबर दुकानाच्या खिडकीशी बसलेल्या हाफिजाभाभी उठल्या आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. बाहेरच्या पुरुषासमोर संकोच वाटला असेल, असं जयपालांना वाटलं. गाडी चौकात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण बाहेरचे कधीपासून झालो.

२

डबा उघडला आणि जयपालांना सणाच्या दिवसासारखा आनंद झाला. काय ते काम. प्रत्येक तार काटकोनात वळवलेली, मेणाच्या दोऱ्याने बांधलेली. आणि या सगळ्या देखण्या कामात एकच गोष्ट घाणेरडी होती. आवाज आत घेणाऱ्या इनपुटच्या टोकापासून थेट चॅसीच्या, म्हणजे पेटीच्या सांगाड्याच्या, पत्र्यापर्यंत तांब्याची एक उघडी तार, बोटभर लांबीची, दोन्ही टोकांना सोल्डरचे गोळे फासून जोडलेली. आत जे काही येईल ते या तारेने सरळ पत्र्यात जिरणार, म्हणजे डबा मुका.

हा उस्तादांचा हात नव्हे, जयपालांनी ठरवून टाकलं. पुढं कधीतरी कुणा अडाण्याने केलेला जुगाड असणार. आणि जुनी यंत्रं पुन्हा घडवणाऱ्या नादिष्टांचा एक कायदा असतो: मूळ कारागिराने केलं ते जसंच्या तसं करायचं, नंतरच्यांनी केलेली ठिगळं सोडून द्यायची. जयपालांनी सगळं उतरवून घेतलं, तार सोडून दिली.

तीन महिने गेले. ट्रान्सफॉर्मर त्यांनी स्वतः गुंडाळला. कागदी पडद्याचा स्पीकर इचलकरंजीच्या भंगारबाजारात सापडला. जुन्या जातीचे ट्रान्झिस्टर पुण्याहून आणवले. माघ संपता संपता डबा तयार झाला आणि टेबलाखालच्या बॅटरीला जोडला गेला.

उस्तादांची तपासायची एक पद्धत होती. रेडिओ नाही, टेप नाही, इनपुटच्या टोकाला नुसतं बोट लावायचं. घरातल्या विजेची भुणभुण अंगावाटे आत जाते आणि स्पीकर भुंग्यासारखा घुं करतो. घुं आला की डबा जिवंत. जयपालांनी बोट लावलं. घुं आला, पण एकसुरी नव्हता. तो वर चढत होता, खाली येत होता, मधेच थांबून श्वास घेत होता. त्यांना चाल ओळखू यायला वेळ लागला नाही. दोन खोल्यांपलीकडे भाकरी थापताना पद्मावती हीच आरती गुणगुणत होती.

जयपाल खूश झाले. त्यात नवल काय? स्पीकरचा पडदा हलला की आवाज येतो, तसा आवाजाने पडदा हलला की तोच कान होतो. जुन्या इंटरकॉममध्ये ज्यातून ऐकायचं त्यातच बोलायचं असतं. त्यांनी बोट काढलं. गुणगुण थांबली, पण दोन श्वास उशिरा.

पिठाच्या हाताने पद्मावती बघायला आली. "माझा आवाज बरा हाय की," म्हणाली. जयपालांनी तिला डब्यासमोर खुर्ची दिली आणि बोल म्हणाले, काहीपण बोल, टेस्टिंग आहे. ती लाजली, मग दोन आरत्या म्हटल्या, मग शेजारच्या बाळाबाईचं गाऱ्हाणं सांगितलं. त्या दिवसापासून हा रोजचा कार्यक्रम झाला. जेवण उरकलं की ती डब्यासमोर बसायची, बोलायची आणि जयपाल स्क्रू पिळत बसायचे. तिचं इतकं बोलणं त्यांनी आयुष्यात कधी ऐकून घेतलं नव्हतं.

३

अष्टमी-चतुर्दशीला पद्मावती मौन पाळायची. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत एक शब्द नाही. जयपाल गमतीने त्याला घराची सुट्टी म्हणत.

त्या अष्टमीला दुपारी ते मागच्या खोलीत डब्याच्या झाकणाला कानस मारत होते. डबा चालू होता, इनपुटला काही जोडलेलं नव्हतं.

"अवो, चहा ठेवलाय."

"आलो," म्हणून जयपाल उठले, चपला सरकवल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहिले. गॅस बंद होता. ओटा पुसून कोरडा. पद्मावती खिडकीखाली पाटावर बसून जपमाळ ओढत होती. तिने डोळे उघडून "काय" असं हाताने विचारलं. तेव्हा कुठे जयपालांना आठवलं, की आज अष्टमी आहे.

त्यांनी काही नाही म्हणून मान हलवली आणि परत आले. मन समजूत घालायला पुढं आलंच. रोज याच वेळी ती चहाला हाक मारते, कानात बसलंय. वय झालं. ते डब्याजवळ बराच वेळ उभे राहिले. स्पीकरच्या जाळीतून अगदी हलका श्वास येत होता. किंवा तो जुन्या ट्रान्झिस्टरचा फुसफुसाट असेल, तो असतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मावती बोलली, तर घसा बसलेला. उन्हाळा लागला, कुल्फी बाधली, असं तिनेच कारण दिलं. हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. तिसऱ्या दिवशी आवाज आणखी बारीक. पाचव्या दिवशी जयपालांना बोलवायला तिला टाळी वाजवावी लागली. आणि मागच्या खोलीतला डबा दिवसेंदिवस स्वच्छ बोलत होता. आरत्या म्हणायचा. बाळाबाईचं गाऱ्हाणं तिच्याच हेलकाव्यांनी सांगायचा. आधी जयपाल खोलीत असतानाच. मग ते अंगणात असताना त्यांना बाहेर ऐकू यायचं.

एका सकाळी मुलीचा, ऐश्वर्याचा पुण्याहून फोन आला. जयपालांनी तो मागच्या खोलीत टेबलावर ठेवून स्पीकरवर लावला आणि हात धुवायला गेले. परत आले तेव्हा ऐश्वर्या म्हणत होती, "बरं झालं आई, आवाज सुटला तुझा. आता परवा निवांत बोलू." आणि तिने फोन ठेवला. पद्मावती त्या वेळी मंदिरात होती.

डब्याने आता आरती धरली होती. जयपाल स्टुलावर बसले. शिकलेल्या माणसाने असल्या वेळी काय करायचं असतं ते त्यांनी केलं: बॅटरीची तार काढली. डब्यावरचा लाल दिवा विझला. आरती मात्र शेवटच्या कडव्यापर्यंत झाली आणि मग थांबली.

४

चतुर्दशी उजाडली. पद्मावती मौनात होती. जयपालांनी बॅटरी पुन्हा जोडली नव्हती, पण आदल्या संध्याकाळपासून डब्यातून अधूनमधून कुजबुज येत होती आणि त्यांना आता कारणं सुचेनाशी झाली होती. त्यांनी मूळ डबा पुढं ओढला आणि ती ओंगळ तार पुन्हा नीट पाहिली. सोल्डरचे ते गोळे कुणा अडाण्याचे नव्हते. हात थरथरत असताना मारलेल्या सोल्डरचे होते. उस्तादांचेच.

मग त्यांनीही आपल्या नव्या डब्यात तेच केलं. तांब्याची बोटभर तार तोडली, एक टोक इनपुटला, दुसरं पत्र्याला. त्यांचाही हात थरथरला आणि त्यांचेही गोळे झाले. डबा गप्प झाला. इतका गप्प, की रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाक त्यांना कितीतरी दिवसांनी ऐकू आली. जयपाल स्वतःवरच हसले. उस्तादांना जे कळलं होतं ते आपल्यालाही कळलं, या समाधानात त्यांनी दुपारी चांगली झोप काढली.

दुसऱ्या दिवशी पद्मावती मंदिरात जाताना काही बोलली नाही. मौन वाढवलं असेल, जयपालांना वाटलं. ती असं करायची कधीकधी. त्यांनी विचारलंही नाही. मौनातल्या माणसाला प्रश्न विचारू नये, हा घरातला रिवाज होता. दुपारी जेवताना ती त्यांच्याकडे बघत राहिली. जेवताना ती तशीही बोलत नसे. संध्याकाळी ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने त्यांचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

तिचे ओठ हलत होते. भरभर हलत होते. गळ्यातलं हाड वर-खाली होत होतं, डोळे भरून वाहत होते, आणि आवाज नव्हता. खोकल्याचा नाही, घशातल्या खरखरीचासुद्धा नाही. ती मौनात नव्हती. ती सकाळपासून हाका मारत होती आणि हा माणूस तिचं मौन पाळत बसला होता.

रात्रीच दवाखाना गाठला. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि स्वरतंतू ठणठणीत आहेत म्हणाले. मनावर काही परिणाम झालाय का, असं त्यांनी जयपालांना बाजूला घेऊन विचारलं.

५

सकाळी मूळ डबा कापडात गुंडाळून ते लक्ष्मीपुरीत गेले. मुनव्वरने शटर अर्धं उघडलं होतं. जयपालांनी त्याला काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, की ही तार उस्तादांनी कधी मारली.

मुनव्वरने हातातला मोबाईल खाली ठेवला. तो म्हणाला, की मी जन्मायच्या आधी. मग जे त्याने कधी कुणाला सांगितलं नसावं, ते त्याने सांगितलं.

"अम्मी जन्माची मुकी न्हाय काका. माझी आजी सांगायची, लग्नाघरात अम्मीला गायला बोलवत्यात म्हणून अब्बांची जळायची. ह्यो डबा केला, तवा अब्बांनी तिलाच म्होरं बसवून गायला लावलं. टेस्टिंग म्हणून."

जयपालांनी त्या तारेवर बोट ठेवलं.

"मग तार मारली आन् गप्प झाली," मुनव्वर म्हणाला. "अब्बा मरायच्या आधी पक्कड घिऊन बसलं हुतं. तार तोडतो म्हणत हुतं. अम्मीनं डबा पोटाशी धरला. तोडू दिली न्हाय. आजवर न्हाय."

जयपालांनी वर पाहिलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हाफिजाभाभी उभ्या होत्या. कधीपासून ते कळलं नाही. त्यांनी जयपालांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं असावं, कारण त्या एकेक पायरी उतरत खाली आल्या. त्यांनी दोन बोटांची कात्री करून दाखवली, मग तीच बोटं घट्ट मिटून घेतली आणि मान हलवली. एकदा, दोनदा. त्यांचा हात जयपालांच्या मनगटावर होता आणि त्या ऐंशी वर्षांच्या हाताची पकड दुखत होती.

म्हातारी हट्टी आहे, जयपालांना वाटलं. पन्नास वर्षं मुकी राहिली, आता सवय झाली असेल. माझ्या बायकोने कशाला राहायचं? त्यांनी मनगट सोडवून घेतलं, मूळ डबा तिथंच ठेवला आणि सलाम करून निघाले.

६

पद्मावती मागच्या खोलीत बसली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिची खुर्ची बरोबर डब्यासमोर होती. शेजारी पाटी होती, नातवाची. जयपालांनी तिला सगळं सांगितलं. तिने पाटीवर लिहिलं, "तोडा."

दुपारचे बारा वाजले होते. खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं. बाहेर कुणाच्यातरी घरात मिक्सर फिरत होता. जयपालांनी कटर घेतला आणि तार दोन्ही बाजूंनी छाटली. तुकडा टेबलावरून घरंगळत खाली पडला.

"बोल," ते म्हणाले.

पद्मावतीने ओठ उघडले आणि डब्यातून आवाज आला, "अवो." तिचा, तिचाच, लग्नानंतर पहिल्या महिन्यात असायचा तसा टवटवीत. ओठ हलले तसा तो बोलला, ओठ थांबले तसा थांबला. "अवो, आलं की. आलं." तिने तोंडावर हात घेतला. जयपाल रडायला लागले, आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही. असाच जन्म काढू, त्यांच्या मनात आलं. डबा स्वयंपाकघरात फळीवर ठेवू. फियाटमध्ये बसवू, दोघं फिरायला जाऊ. काय बिघडलं?

पद्मावती हसत होती. तोंडावर हात तसाच होता. ओठ मिटलेले होते.

"जयपाल," डबा म्हणाला.

मिक्सर थांबला होता. पद्मावतीचे डोळे मोठे झाले आणि डब्याकडे वळले. तिने हात काढला, ओठ घट्ट आवळले, इतके की ते पांढरे पडले, आणि जयपालांना दिसावेत म्हणून चेहरा त्यांच्याकडे वळवला.

"जयपाल," तिच्या आवाजाने पुन्हा हाक मारली, लाडाने, अगदी सवयीने, जणू हे नाव रोजच घेत असल्यासारखी. "तिला बाहीर पाठवा. मी हाय की हितं."

आणि जाळीमागचा कागदी पडदा बाहेरच्या बाजूला फुगला. तसाच फुगलेला राहिला. आतून कुणी त्याला गाल लावून ऐकत असल्यासारखा.

जयपाल हलले नाहीत. आपण हललो नाही, हे पुढं त्यांच्या मनाला फार लागणार होतं. तो आवाज गोड होता आणि कितीतरी दिवसांनी आला होता, आणि त्या एका क्षणात त्यांची मान पद्मावतीकडे नव्हे, डब्याकडे वळली होती.

पद्मावतीने ते पाहिलं. ती खुर्चीवरून उठली, टेबलाखाली वाकली, फरशी चाचपली. मग तिने जयपालांचा हात ओढला, तळवा उघडला, आणि त्यावर तांब्याचा तो बोटभर तुकडा ठेवला. सोल्डरिंगचा दांडा तिने स्वतःच प्लगमध्ये लावला आणि तो तापेपर्यंत दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, ओठ मिटून, डब्यासमोर बसून राहिली.